‘माय ब्लडी व्हॅलेंटाइन’: खाणीनं तारलं आणि खाणीनंच अडवलं

प्रश्न थोडक्यात असा आहे: “१९८१चा ‘माय ब्लडी व्हॅलेंटाइन’ पाहिला. काही जण त्याला स्लॅशरपटांतला हिरा म्हणतात. मला तो मध्येमध्ये कापल्यासारखा आणि शेवटाकडे गडबडलेला वाटला. कमी पैशांत केलाय म्हणून सांभाळून घ्यायचं का? आम्ही काही मित्र सणाच्या दिवशी घडणारा असाच छोटा सिनेमा करायच्या विचारात आहोत. यातून काय उचलावं, काय टाळावं?”

हिरा म्हणणारेही बरोबर आहेत आणि तुम्हीही. (स्लॅशरपट म्हणजे एक खुनी एकामागून एक माणसं मारत सुटतो तो भयपट.) मी संकलक आहे. भयपट कापण्यातच बरीच वर्षं गेली, त्यामुळे उत्तर त्याच बाजूनं येईल. अभिनय वगैरेंवर माझ्यापेक्षा चांगलं बोलणारे आहेत. आणखी एक, खुनी कोण हे सांगितल्याशिवाय या सिनेमाच्या दोषांबद्दल बोलताच येत नाही. ज्यांनी पाहिला नाही त्यांनी आधी पाहून यावं.

सुरुवात ‘कमी पैशांत’ या शब्दांपासून करू, कारण तिथेच गल्लत होते. १९७८चा ‘हॅलोवीन’ सव्वातीन लाख डॉलरच्या आसपास झाला. १९८०चा ‘फ्रायडे द थर्टीन्थ’ साधारण साडेपाच लाखांत. ‘माय ब्लडी व्हॅलेंटाइन’ला जवळपास २३ लाख कॅनेडियन डॉलर मिळाले होते. हॉलिवूडच्या मोठ्या चित्रपटांपुढे ही रक्कम किरकोळच, पण आपल्या जातभाईंमध्ये हा सिनेमा खाऊनपिऊन सुखी होता. हा पैसा आला कुठून, तर कॅनडाच्या करसवलतीतून. १९७४ मध्ये तिथल्या सरकारनं कॅनेडियन चित्रपटात गुंतवलेली सगळीच्या सगळी रक्कम करपात्र उत्पन्नातून वजा करायची मुभा दिली. मग ज्यांचा सिनेमाशी काडीचा संबंध नव्हता अशा लोकांनीही पैसे घातले. त्या लाटेत कॅनडात ‘प्रॉम नाइट’, ‘टेरर ट्रेन’, ‘हॅपी बर्थडे टू मी’ असे स्लॅशरपट धडाधड तयार झाले. जॉन डनिंग आणि आंद्रे लिंक यांची सिनेपिक्स ही कंपनी त्यांतल्या काहींच्या मागे होती, या सिनेमाच्याही.

म्हणजे पैशाची तंगी हे कारण इथे फारसं चालत नाही. तंगी होती ती वेळेची. चित्रीकरण १९८०च्या शरदात झालं आणि हॉलिवूडच्या पॅरामाउंट कंपनीनं सिनेमा ११ फेब्रुवारी १९८१ला थिएटरात लावला. चित्रीकरण, संकलन, ध्वनी, सेन्सॉरची झटापट, प्रिंट काढणं हे सगळं काही महिन्यांत. सणावरच्या सिनेमाची ही बाजू बाहेरच्यांना सहसा दिसत नाही. सण तुम्हाला फुकटची जाहिरात देतो, नाव देतो, पोस्टर देतो, आणि बदल्यात तारीख घेतो. दुसरा कुठलाही भयपट दोन महिने पुढे ढकलता येतो. व्हॅलेंटाइन डेचा सिनेमा एप्रिलमध्ये लावून काय करणार? तुम्हाला जे ‘कापल्यासारखं’ आणि ‘गडबडलेलं’ वाटलं, त्यातलं बरंच या तारखेकडे बोट दाखवतं.

आता गोष्ट, चार ओळींत. व्हॅलेंटाइन ब्लफ्स नावाचं खाणकामगारांचं गाव. वीस वर्षांपूर्वी व्हॅलेंटाइनच्या नाचाला जायची घाई झालेले दोन मुकादम मिथेन वायूची तपासणी न करताच वर निघून गेले. खाली पाच माणसं कामावर होती. स्फोट झाला. सहा आठवड्यांनी हॅरी वॉर्डन हा एकटाच जिवंत सापडला, तोही सोबत्यांचं मांस खाऊन तगलेला आणि डोकं फिरलेला. वर्षभरानं त्यानं त्या दोन्ही मुकादमांना मारलं, त्यांची काळजं चॉकलेटच्या बदामाच्या आकाराच्या डब्यांत घातली आणि गावाला बजावलं की हा नाच पुन्हा करायचा नाही. आता वीस वर्षांनी गाव तो पुन्हा करायला निघालंय, आणि महापौराच्या हातात तसाच एक डबा येतो.

एवढ्यावरून सुद्धा लक्षात येईल की पाया भक्कम आहे. बहुतेक स्लॅशरपटांत मूळ पाप म्हणजे कुणा पोरांनी केलेली वाईट थट्टा असते. इथे ते कामातली हयगय आहे. वरच्यांनी तपासणी टाळली आणि खालचे मेले. खाणीच्या कुठल्याही गावात ही गोष्ट कुणाला समजावून सांगावी लागत नाही. सगळं गाव त्या एकाच खाणीवर जगतंय, त्यामुळे खुनी त्याच खाणीचा गणवेश घालून येतो यात एक कडवट तर्क आहे.

सिनेमाची खरी ताकद म्हणजे ती खाण. नोव्हा स्कोशियातल्या केप ब्रेटन बेटावर सिडनी माइन्स नावाचं गाव आहे. तिथली प्रिन्सेस कोलियरी ही कोळशाची खाण १९७५ मध्ये बंद झाली होती. दिग्दर्शक जॉर्ज मिहाल्का यांनी तिथे, जमिनीखाली खरोखर उतरून चित्रीकरण केलं. एक किस्सा ते स्वतः सांगत आले आहेत. सिनेमावाले येणार म्हणून स्थानिक लोकांनी खाण हौसेनं साफसूफ करून, रंगवून ठेवली, आणि युनिटला पैसे मोजून ती पुन्हा मळकट करावी लागली. निर्मितीत काम केलेल्या माणसाला यात हसू येतं आणि पोटात गोळाही येतो.

खाली मिथेनचं भय असल्यामुळे मोठमोठे दिवे नेता येत नव्हते. छायाचित्रकार रॉडनी गिबन्स यांना कमी ताकदीच्या दिव्यांवर आणि हेल्मेटवरच्या बॅटऱ्यांवर भागवावं लागलं. अडचणीतून शैली कशी जन्माला येते याचं मी नवख्या मुलांना नेहमी हेच उदाहरण देतो. हेल्मेटवरचा दिवा हा असा दिवा आहे की पात्र जिकडे बघेल तिकडेच उजेड पडतो. प्रेक्षकाला पात्रापेक्षा जास्त काही दिसू शकत नाही. पात्राच्या नजरेतून दिसणारा वेगळा शॉट लावायची गरजच उरत नाही. त्यात पात्रानं कॅमेऱ्याकडे तोंड वळवलं की भिंगावर झळक येते आणि क्षणभर आपण आंधळे होतो. स्टुडिओत हे सगळं ठरवून करायला अर्धा दिवस गेला असता.

खुन्याचा वेश बघा. काळा गॅस मास्क, गोल काचा, नळ्या, हेल्मेट, अंगभर कामाचे कपडे, हातात टिकाव. ‘हॅलोवीन’वाल्यांनी ‘स्टार ट्रेक’मधल्या कॅप्टन कर्कचा दोनेक डॉलरचा रबरी मुखवटा घेऊन पांढरा रंगवला, त्याचं कौतुक सगळे करतात आणि ते योग्यच आहे. पण तो मुखवटा बाहेरून आणलेला आहे. इथला मास्क गावातल्या प्रत्येक घराच्या खुंटीला टांगलेला असणार. शिवाय मास्कमधून श्वास ऐकू येतो. ध्वनीपट्टीवर नुसता तो घरघरणारा श्वास टाकला की खुनी पडद्यावर नसतानाही खोलीत असतो. संकलकाला यापेक्षा स्वस्त हत्यार मिळत नाही. आणि व्यवहाराची गोष्ट म्हणजे, मास्कच्या आत कोणीही उभा करता येतो. खाणवाल्याच्या वेशात पडद्यावर मुख्यतः पीटर काउपर हा नट आहे, गोष्टीतला खुनी साकारणारा नट नाही. याची किंमतही पुढे मोजावी लागते, त्यावर येतोच.

एका दृश्याजवळ थोडं थांबतो. पार्टी रंगात आली असताना सिल्व्हिया नावाची मुलगी कामगारांच्या कपडे बदलायच्या दालनात एकटी थांबली आहे. मित्र बिअर आणायला गेलाय. कोळसाखाणीत कामगार आपले ओले, मळलेले कपडे साखळीला अडकवतात आणि छताकडे ओढून घेतात. वर ऊब असते, तिथे ते वाळतात, आणि खाली जागा मोकळी राहते. दालनाच्या छताला असे शेकडो पोशाख लोंबत असतात. दृश्यात हे पोशाख साखळ्यांचा खडखडाट करत एकेक करून खाली पडू लागतात. एक इकडे, एक तिकडे, मग तिच्या अगदी पुढ्यात. प्रत्येक पोशाख माणसाच्या आकाराचा, प्रत्येकाच्या डोक्याच्या जागी काही नाही. त्यांतल्या एकात माणूस असणार हे आपल्याला ठाऊक असतं, फक्त कुठल्या ते ठाऊक नसतं.

यात बाहेरून आणलेलं काहीही नाही. साखळ्या, पोशाख, दालन, सगळं खाणीचं नेहमीचं सामान. भीती ध्वनीच्या मोजमापात आहे. खडखडाट, धप्प, शांतता. दोन धप्पांमधलं अंतर कमी होत जातं, प्रेक्षक नकळत ते मोजू लागतो, आणि मोजणी चुकली की दचकतो. तुमच्या सिनेमासाठी यातून एकच गोष्ट उचलायची तर ही उचला. चित्रीकरणाची जागा ठरली की तिथे रोज काम करणाऱ्या माणसाबरोबर एक अख्खी पाळी बसा. काय वर जातं, काय खाली येतं, काय आपोआप बंद होतं, कशाचा आवाज येतो, ते लिहून काढा. खुनांची यादी त्यातून करा. पटकथा घरी बसून लिहून मग तिला जागा शोधत फिरलात तर असलं दृश्य कधीच सुचणार नाही.

खुनी बोगद्यातून येताना वरचे दिवे टिकावानं एकेक फोडत येतो, तो शॉटही याच घराण्यातला. उजेड मागून पुढे मरत येतो. खर्च किती? काही बल्ब.

आणि तरीही याच खाणीनं सिनेमाचा शेवटचा भाग अडवून ठेवलाय. नाच रद्द झाल्यावर पोरं खाणीच्या आवारातच पार्टी करतात, आणि त्यांतले सहा जण गंमत म्हणून खाली उतरतात. तोवर सिनेमा आपल्याला जागा नीट ओळखीची करून देतो. बार, लॉन्ड्री, पोलीस ठाणं, ते दालन, कुठून कुठे जाता येतं हे कळत असतं. खाली उतरल्यावर नकाशाच हरवतो. सगळे बोगदे सारखे, सगळ्यांच्या डोक्यावर तेच हेल्मेट. नायक टी.जे. कुठल्या बाजूनं आला, नायिका सारा आणि तिची मैत्रीण पॅटी किती लांब आहेत, लिफ्ट कुठे, शिडी कुठे, काही उमगत नाही. गोंधळ पात्रांचा असेल तर भीती वाटते. गोंधळ प्रेक्षकाचा झाला की तो मागे टेकून बसतो, आणि एकदा मागे टेकला की परत पुढे येत नाही.

हे संकलनात सुधारतं का? थोडंफार सुधारतं. पण त्यासाठी चित्रीकरणाच्या वेळी ओळखीच्या खुणा टिपलेल्या लागतात. एका वळणावर तुटकी गाडी, एका फाट्यावर रंगवलेला आकडा, एका ठिकाणी सतत ठिबकणारं पाणी. तो ठिबकण्याचा आवाज दोनदा ऐकवला की तिसऱ्यांदा प्रेक्षकाला आपण कुठे आलो ते आपोआप कळतं. इथे अशा खुणा फार कमी आहेत. जमिनीखाली, अपुऱ्या उजेडात, घड्याळाशी शर्यत लावून काम करणाऱ्या युनिटला हे सुचलं नसेल तर मी त्यांना फाशी देणार नाही. पण उणीव ती उणीवच.

आता सण. सणावरच्या सिनेमाला मी एकच गोष्ट विचारतो: दुसऱ्या कुठल्या तारखेला हेच घडलं असतं तर काय बिघडलं असतं? ‘हॅलोवीन’मध्ये सगळंच बिघडलं असतं. वर्षातली ती एकच रात्र अशी आहे की मुखवटा घातलेला माणूस रस्त्याच्या कडेला उभा राहिला तरी कुणी वळून बघत नाही. सण हाच खुन्याचा वेश आहे. (गंमत म्हणजे तो सिनेमा वसंतात चित्रित झाला. शरदाची पानं रंगवलेली होती, शॉट संपला की गोळा करून पुढच्या शॉटला पुन्हा पसरत होते. सण उभा करायला कधीकधी पिशवीभर पानं पुरतात.) १९७४च्या ‘ब्लॅक ख्रिसमस’मध्ये तर त्याहून सूक्ष्म काम आहे. सुटी लागल्यामुळे वसतिगृह रिकामं होत चाललंय. पहिली मुलगी मारली जाते आणि ती कुठेतरी गेली असेल असं सगळे धरून चालतात, कारण त्या दिवसांत सगळेच कुठेतरी चाललेले असतात. तिला न्यायला आलेला बाप ताटकळत राहतो. प्रेत त्याच घराच्या माळ्यावर आहे. ख्रिसमसचे दिवे नसते तरी चाललं असतं, पण ख्रिसमसची सुटी नसती तर गोष्टच उभी राहिली नसती.

उलट बाजूनं ‘न्यू इयर्स ईव्हल’ घ्या, १९८०चा. खुनी फोन करून धमकी देतो की अमेरिकेच्या प्रत्येक कालपट्ट्यात रात्रीचे बारा वाजले की मी एकेक खून करणार. कल्पना काय सुरेख आहे! सणाचं घड्याळच गोष्टीचं घड्याळ. आणि सिनेमा मात्र कंटाळवाणा, कारण त्या घड्याळाचा ताण पडद्यावर कुठेच जाणवत नाही.

‘माय ब्लडी व्हॅलेंटाइन’ या दोहोंच्या मध्ये पडतो. सुरुवातीला सण हे कारण आहे, नाचाच्या घाईनंच ती माणसं मेली. बदामी डबाही चपखल: गोडाच्या डब्यातून काळीज येतं, आणि कागदी बदामांच्या जागी खरं, ओलं काळीज बघितल्यावर सजावटीतले सगळे बदाम घाण वाटू लागतात. लॉन्ड्री चालवणाऱ्या मेबलबाईंनी हौसेनं केलेली सजावट आणि नंतर ड्रायरमध्ये सापडलेलं त्यांचं प्रेत, ही जोडी विसरता येत नाही. पण पोरं लिफ्टनं खाली गेली की सण वरच राहतो. पुढचा सगळा भाग कुठल्याही तारखेला घडला असता. सणाची आठवण थेट खुन्याच्या शेवटच्या आरोळीत येते. मधल्या भागात त्याला एखादं तरी काम द्यायला हवं होतं.

नुसता धक्का म्हणून सण वापरला की काय होतं, ते १९८४च्या ‘सायलेंट नाइट, डेडली नाइट’नं दाखवलं. धुराड्यातून कुऱ्हाड घेऊन निघणारा सांताक्लॉज जाहिरातीत दिसताच पालक चिडले, थिएटरांबाहेर निदर्शनं झाली, आणि वितरकानं काही दिवसांतच सिनेमा मागे घेतला. प्रसिद्धी भरपूर मिळाली. पण माझ्या मते त्या सिनेमाचा चांगला भाग पहिला अर्धाच आहे, जिथे एका लहान मुलाच्या मनात सांताची भीती कशी बसली ते संयमानं सांगितलंय. ती जाहिरात त्या भागाची नव्हतीच.

तुमच्या ‘कापल्यासारखा’ या तक्रारीकडे येतो, कारण ती अक्षरशः खरी आहे. ‘फ्रायडे द थर्टीन्थ’ चालल्यावर समीक्षकांनी रक्तपातावर झोड उठवली, आणि अमेरिकेतल्या एमपीएए या वर्गवारी करणाऱ्या संस्थेनं पुढच्या स्लॅशरपटांना कात्री लावायला सुरुवात केली. आर वर्गवारी (लहानांना मोठ्यांसोबत प्रवेश) हवी असेल तर कापा, नाहीतर एक्स (फक्त प्रौढांसाठी) घ्या. एक्स म्हणजे अनेक थिएटरं बंद, अनेक वृत्तपत्रांत जाहिरात बंद. पॅरामाउंटला ते परवडणारं नव्हतं. जखमा-रक्ताचा मेकअप करणाऱ्या टॉम बर्मन यांच्या चमूनं मेहनतीनं केलेले खूनप्रसंग जवळजवळ सगळेच छाटले गेले. कापलेल्या भागाचा आकडा नऊ मिनिटांपर्यंत सांगितला जातो. २००९ मध्ये लायन्सगेटनं काढलेल्या आवृत्तीत सुमारे तीन मिनिटं परत जोडली गेली.

कापल्यानं रक्त कमी होतं हे सगळ्यांना कळतं, पण लय मोडते हे फार जणांच्या लक्षात येत नाही. खुनाच्या प्रसंगाला तीन भाग असतात: आधीचं थांबणं, घाव, आणि नंतर प्रेक्षकाला जे घडलं ते पटायला लागणारा वेळ. सेन्सॉर घाव कापायला सांगतं. पण बऱ्याचदा घाव चोवीस फ्रेम्सचा असतो आणि त्याच्या नंतरचा भाग लांब असतो, त्यामुळे प्रत्यक्षात तो नंतरचा भागच उडतो. मग काय होतं? टिकाव उचलला, आवाज आला, आणि थेट पुढचं दृश्य सुरू. प्रेक्षकाला दचकायला जागाच उरत नाही. सिल्व्हियाचंच बघा. कपड्यांची ती सुंदर चढण झाल्यावर खुनी तिला शॉवरच्या नळावर आदळतो. थिएटरातल्या आवृत्तीत नेमकं काय झालं ते धड कळतही नाही. जोडलेल्या आवृत्तीत तिच्या तोंडातून पाणी वाहताना दिसतं. ती प्रतिमा भयंकर आहे, मान्य. पण तिच्यामुळे आधीची सगळी उभारणी वसूल होते. तिच्याविना ते दृश्य शेवटची ओळ खाल्लेल्या विनोदासारखं आहे.

संगीत तयार झालेलं असताना असे तुकडे काढावे लागले की आणखी एक दुखणं सुरू होतं. स्वर चढत चाललाय आणि चित्र संपलं. मग संगीत मध्येच तोडायचं नाहीतर मागे सरकवायचं, आणि दोन्हींत सांधा दिसतो. वेळ हातात असेल तर संगीतकाराला परत बोलावता येतं. फेब्रुवारीची तारीख डोक्यावर असताना कुणाला बोलावणार?

पण सगळा दोष सेन्सॉरवर ढकलता येत नाही, आणि या सिनेमाचे चाहते इथेच डोळेझाक करतात. खुनी कोण हे कोडं कच्चं आहे. खुनी हॅरी वॉर्डन नाही, तो केव्हाच मेलाय. खुनी आहे अ‍ॅक्सेल, साराचा प्रियकर, टी.जे.चा प्रतिस्पर्धी. कारण? मारल्या गेलेल्या मुकादमांपैकी एक त्याचा बाप होता, आणि तो खून त्यानं लहानपणी पलंगाखालून पाहिला. कारण वाईट नाही. उलट, बापाला मारणाऱ्याचाच मास्क पोरगा चढवतो हे मानसिक पातळीवर अस्वस्थ करणारं आहे. वाईट आहे ती त्याची जागा. हे सगळं अगदी शेवटी, मास्क निघाल्यावर, एका झटपट पूर्वदृश्यात येतं. त्याआधी अ‍ॅक्सेलच्या वागण्यात याची एकही सावली नीट पडलेली नाही. तो चिडका आहे, पण ते प्रेमाच्या त्रिकोणामुळे असं आपण धरतो.

दोन शॉट पुरले असते. बारमध्ये म्हातारा बारवाला हॅरीची दंतकथा रंगवून सांगतो तेव्हा सगळी पोरं ऐकत असतात. तिथे अ‍ॅक्सेलच्या चेहऱ्यावर नेहमीपेक्षा जरा जास्त वेळ थांबायचं, बस. आणि कुणाच्या तरी तोंडून त्याच्या बापाचा ओझरता उल्लेख. पहिल्यांदा पाहताना कुणाच्या लक्षात येणार नाही, दुसऱ्यांदा पाहताना अंगावर काटा येईल. याला पैसे लागत नाहीत.

दुसरी गडबड होते ती अ‍ॅक्सेलच्या ‘मरणा’च्या वेळी. खाणीत तो पाण्यात पडून बुडाला असं भासवलं जातं, आणि प्रेत काही दाखवलं जात नाही. स्लॅशर बघणारा प्रेक्षक या बाबतीत हिशेबनीस असतो. प्रेत नाही म्हणजे मेला नाही, आणि मेला नाही म्हणजे तोच. त्या क्षणी रहस्य संपतं आणि सिनेमाला ते ठाऊक नसतं. मास्कमध्ये दुसराच माणूस असण्याची किंमत ती हीच. खाणवाल्याची चाल, खांदे, टिकाव धरायची ढब यांत अ‍ॅक्सेलची कुठलीही खूण नाही, म्हणून उलगडा झाल्यावर मागे वळून काही जुळवता येत नाही. तुम्ही बदली नट वापरणार असाल तर खऱ्या पात्राची एक तरी सवय त्याला शिकवा.

पोलीसप्रमुख न्यूबी मेबलबाईंचा खून हृदयविकाराचा झटका म्हणून दडपतो. घबराट नको म्हणून. यानं गोष्ट पुढे सरकते खरी, पण मोठी माणसं एकमेकांना नीट सांगत नाहीत यावरच इतकं अवलंबून राहिलं की पटकथा आळशी वाटते.

अभिनयाबद्दल एवढंच म्हणेन की नायक-नायिकेपेक्षा बाजूची मंडळी सिनेमा सांभाळतात. मिशाळ, ऐसपैस हॉलिस आणि वात्रट हॉवर्ड पडद्यावर आले की हे लोक रोज एकत्र कामाला जातात हे पटतं. ही शाळकरी पोरं नाहीत, विशीतली कामकरी माणसं आहेत. गाव सोडून गेलेला टी.जे. हरून परत त्याच खाणीत आलाय. त्यामुळे हॉलिस मरतो तेव्हा वाईट वाटतं, आणि स्लॅशरपटात तिसऱ्या अंकात कुणी मेल्याचं वाईट वाटणं ही दुर्मीळ गोष्ट आहे. पॉल झाझा यांचं पार्श्वसंगीत कामापुरतं आहे, पण शेवटी श्रेयनामावलीवर येणारं हॅरी वॉर्डनचं गाणं अफलातून. जुन्या लोकगीताच्या ढंगात सगळी कथा सांगून टाकतं, आणि ही गोष्ट गावात पिढ्यान्‌पिढ्या गायली जातेय असं वाटायला लावतं. एक गायक आणि थोडी वाद्यं, एवढ्यात मिळालेला इतिहास.

तुमच्या सिनेमाबाबत तीन-चार गोष्टी वर बोलता बोलता आल्याच आहेत. आणखी एक सांगतो, ती निर्मितीची आहे. सणाच्या दिवशी सिनेमा बाहेर काढायचा असेल तर चित्रीकरण त्याच्या आदल्या वर्षीच्या सणाच्या आसपास करा. सजावट रस्त्यांवर फुकट मिळेल आणि संकलनाला जवळपास वर्ष मिळेल. पैसे वाचवायचे तर खुनांची संख्या कमी करा, खुनांनंतरचा वेळ कमी करू नका. खुन्याची ओळख लपवणार असाल तर उलगड्याचं दृश्य आधी चित्रित करा, म्हणजे आधीच्या दृश्यांत काय पेरायचं ते नटालाही कळेल.

कुठली आवृत्ती पाहावी, असंही पुढे विचाराल. शक्य असेल तर आधी थिएटरातली, मग २००९ची जोडलेली. जोडलेल्या तुकड्यांचा रंग आणि पोत किंचित वेगळा दिसतो, त्यामुळे कात्री नेमकी कुठे लागली होती ते उघड्या डोळ्यांनी कळतं. शिकणाऱ्यासाठी हे वरदान आहे.

२००९चा थ्रीडी रीमेकही वेळ मिळाल्यास बघा. तो दिग्दर्शित केला पॅट्रिक लुसिये यांनी, जे मुळात संकलक. ‘स्क्रीम’चं संकलन त्यांचंच. मूळ सिनेमातलं कच्चं कोडं त्यांनाही खुपलं असावं, कारण त्यांनी खुनीच बदलला आणि पहिल्यापासून त्याच्या मनःस्थितीबद्दल खुणा पेरल्या. पण मग एका प्रसंगात तोच माणूस पिंजऱ्यात अडकून समोरचा खून बघताना दाखवला, आणि शेवटी सांगितलं की तो त्याचा भास होता. मूळ सिनेमानं माहिती दडवली, रीमेकनं थेट खोटं दाखवलं. मला विचाराल तर दडवणं परवडलं.